वस्तीच्या गाडीची वाकळ

सुईत दोरा ओवायला पाऊण तास गेला.
चन्नव्वा दारात बसून शेंगा सोलत होती.
शेवटी म्हणाली, "कंडक्टर, हातभर घ्या.
वावभर घेतलात तर दोराच तुम्हाला शिवील."

एकतीस वर्षं मी भोकं पाडली
पिवळ्या, गुलाबी, पांढऱ्या कागदांना,
खानापूर ते कणकुंबी.
भोक पाडायचं आणि पुढं सरकायचं.
इथं भोक पाडून खाली जायचं
आणि शेजारनं परत वर यायचं.

माझी कानडी गाडीतली.
मुंद होग्री. चिल्लर कोड्री.
इळीरी, जांबोटी, इळीरी.
तिच्यात सुई नव्हती, गाठ नव्हती.
चन्नव्वा वाकळेला कौदी म्हणते
आणि दर दोन वितींवर बोट ठेवून एकच शब्द:
बिच्चरी.
उसवा.
मी उसवतो.

खाली दोन जुनी धोतरं.
वर सुनेचा बाद मॅक्सी, छत्रीचं काळं कापड,
निवडणुकीतली उपरणी
(कुठल्या पक्षाची विचारू नका, चारी पक्षांची आहेत),
आणि मधोमध माझी खाकी पँट, उलगडून.
खिसा होता तिथं रंग अजून नवा.
खाकीवर दोन सुया मोडल्या.

तिसऱ्या दिवशी उठायला गेलो
तर वाकळ माझ्याबरोबर उठली.
लुंगी शिवून टाकली होती मी तिला,
वीतभर, रेषेसारखी सरळ.
चन्नव्वा हसत हसत घरी गेली,
फाटकातनं ओरडली,
"एवढीच ओळ बरी आलीया,
आणि तीच बिच्चायची!"

कणकुंबीला वस्ती असायची.
शेवटचा माणूस उतरला की दिवे बंद,
वाऱ्यानं काचा वाजायच्या.
मागच्या लांब सीटवर इमामसाब,
मधल्या वाटेत पोती टाकून मी.
वाकळ एकच, त्याच्या आईनं शिवलेली.
नदाफांचं घर, कापसात वाढलेलं,
टाके असे, की मुंग्या ओळीनं निघाल्यात.
रात्री दोनच्या सुमारास
तो पायानं ती माझ्याकडं ढकलायचा.
चारला मी परत.
सकाळी तोंड धुताना दोघंही म्हणायचो,
थंडी नव्हती म्हणा फारशी.

ती वाकळ डेपोत कधीतरी हरवली,
आमच्यातलं कुणी विचारलं नाही कुणाला.

आता त्याची डावी बाजू गेली.
पोरानं हुबळीहून ब्लँकेट आणलंय,
वाघाचं चित्र असलेलं, मऊ, महाग.
खरं ते घसरतं.
एका हातानं ओढून घेता येत नाही,
आणि रात्री हाक मारायला त्याला लाज वाटते.
हे त्यानं सांगितलं नाही.
गेल्या खेपेला मी बसलो होतो,
तो वाघाकडं बघत होता.

म्हणून उजव्या कोपऱ्याला
माझ्या कातडी पिशवीचा पट्टा लावला,
मूठ घालायला, गाडीतल्या कडीसारखा.
चन्नव्वा म्हणाली, कौदीला असलं काही नसतंय.
मी काही बोललो नाही.
ती घरी गेली आणि दाभण घेऊन आली,
पट्टा तिनंच धरला, मी टोचला,
अंगठ्यातनं रक्त आलं ते खाकीवर दिसत नाही.

वाकळ चौकोनी झालेली नाही.
एक कोपरा वीतभर पुढं गेलाय,
टाके मधेच दाट, मधेच विरळ,
घाटातल्या गावांसारखे.

उद्या सव्वासातच्या गाडीनं कित्तूरला.
नवी कंडक्टर पोरगी आहे, मशीनवाली.
एवढ्या गाठोड्याला लगेज पडत नाही,
नियम मला पाठ आहे.
खरं विचारणार,
आणि फाडलं तिनं तिकीट, तर घेणार.